मशीन वापरात आहे

"बघा मॅडम, पाच नंबरचं पुढे सरकलं," मत्ते सर म्हणाले आणि लगेच सहा नंबरच्या खिडकीत तीच आज्ञा टाईप केली. "सहाचं मात्र जिथल्या तिथे. काल पण इथेच होतं."

"काल नाही सर, सोमवारपासून इथेच आहे."

"जुनी आहेत बिचारी. घेतील न वेळ. आपल्याला कुठे घाई आहे?"

घाई होती. ती किती होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सर सातकडे वळले.

वणीतल्या एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमागे भंगाराची खोली होती, त्यात आम्ही बसलो होतो. मे महिना. दारं बंद ठेवली तर भट्टी, उघडी ठेवली तर खाणीतल्या कोळशाची धूळ. लोखंडी रॅकवर कॉलेजने मोडीत काढलेले डझनभर कॉम्प्युटर ओळीने मांडलेले. त्यांना ना पडदा, ना कीबोर्ड, ना माऊस. नुसते डबे, वीज आणि नेटची एकेक वायर. आमच्या धंद्यात असल्या मशीनला बिनमुंडक्याचं म्हणतात. दूरच्या एका लॅपटॉपवरून त्यांच्यात शिरायचं, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या आणि बाहेर पडायचं. ऋजुता, म्हणजे सरांची मुलगी, त्यांना 'धडं' म्हणायची. "धडं काय म्हणतात, बाबा?" असं ती रोज विचारायची, आणि सर रोज दुखावले जायचे.

मी तेव्हा तिथली कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. मत्ते सर इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख. मेलेला रेडिओ त्यांच्या हातात दिला तर संध्याकाळपर्यंत बातम्या सांगायला लागे. कॉम्प्युटरकडे ते उशिरा वळले, आणि उशिरा वळलेल्या सगळ्यांसारखे ते त्याचे फारच भाविक होते. सर आता नाहीत, म्हणून हे सांगते आहे.

ऋजुताला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. आधी जिना गेला, मग चालणं, मग इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. त्या वर्षी छातीचे स्नायूही थकले, आणि श्वास ढकलायला तोंडावर मास्क आणि शेजारी एक छोटं यंत्र आलं. औषध नव्हतं. पण परदेशातली एक संस्था त्या आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनाचं गणित मांडत होती. गणित इतकं अवाढव्य की त्याचे बारीक तुकडे करून जगभरातल्या हौशी लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरांना वाटून द्यायचे. आपल्या मशीनने एक तुकडा सोडवायचा, मुदतीत परत पाठवायचा, की दुसरा येतो. मुदत चुकली तर केलेलं काम पाण्यात.

सरांना हे कळलं आणि त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून ते भंगार मिळवलं. त्यात जीव ओतला तो मात्र ऋजुताने, अंथरुणात पडल्यापडल्या, एका बोटाने. त्या मशीनांत मेमरी इतकी कमी होती की आजचा साधा फोनही त्यांना हसेल. तिने लिनक्समधलं शोभेचं सगळं काढून टाकलं. एका मशीनला एका वेळी एकच तुकडा. काम मध्येच थांबलं तर ते मेमरीत अडवून ठेवायचं नाही, काढून टाकायचं आणि नंतर मागच्या जतन केलेल्या टप्प्यापासून उचलायचं. उन्हाळ्यात साठ टक्क्यांच्या वर जोर लावायचा नाही, नाहीतर आतलं भाजून निघेल. टंचाईत घर चालवणाऱ्या बाईसारखा तिचा हिशेब होता.

मग सरांना काय काम उरलं? लक्ष ठेवणं. ते त्यांनी असं ठेवलं की विचारू नका. लॅपटॉपवर प्रत्येक मशीनची एकेक खिडकी उघडी. तास संपला की खोलीत येऊन बसायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विचारत सुटायचे. किती झालं? किती राहिलं? घरी गेले की फोनवरून तेच. बाजारात भाजी घेतानाही तेच. रात्री जाग आली की तेच.

त्या दिवशी त्यांचा फोन टेबलावर राहिला आणि ते चहाला गेले. मी एकटीच रॅकमागची धूळ पुसत होते. थोड्या वेळाने पहिल्या डब्याचा पंखा घुरघुरला. मग दुसऱ्याचा. बघता बघता सगळी रांग पिठाच्या गिरणीसारखी गरजायला लागली. विजेचा दाब वाढला की काय म्हणून मी मीटर पाहिला. दाब ठीक होता. सर परत आले, खुर्चीवर बसले, एक नंबरला विचारलं, दोन नंबरला विचारलं. पंखे एकेक करून मंदावले.

"झाली न मशीनं गार? चांगलं आहे," सर म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं. प्रत्येक खिडकीत तळाशी तीच ओळ होती. काम थांबवले आहे, मशीन वापरात आहे.

हा सॉफ्टवेअरचा सभ्यपणा असतो. मालक स्वतः काही करत असेल तर आपण बाजूला व्हायचं, त्याचा हात थांबून काही मिनिटं गेली की पुन्हा कामाला लागायचं. सेटिंगमध्ये तशी खूण केली असेल तरच. आणि ती सरांनी केली होती, कारण कॉलेजच्या कामात अडथळा येऊ देणार नाही, असा शब्द त्यांनी प्राचार्यांना दिला होता. मोडीत काढलेल्या मशीनवर कॉलेजचं कसलं काम? पण शब्द म्हणजे शब्द. आता दुरून टाईप केलेली प्रत्येक कळ त्या मशीनांना मालकाचा हात वाटत होती. सर विचारायचे, मशीन हातातलं काम टाकून द्यायचं. सर थांबायचे, ते मागच्या टप्प्यापासून सुरू करायचं, की सर पुन्हा विचारायचे. महिनोन्महिने मुदती चुकत होत्या त्या अशा.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर लॅपटॉपकडे बघतच म्हणाले, "सकाळी डॉक्टर नगराळे येऊन गेले. मास्क आता पुरत नाही म्हणतात. गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल. परवा नागपूरला नेतो. अँब्युलन्स सांगून ठेवली."

"ऋजुता काय म्हणते?"

"नाही म्हणते. लहान आहे." ती बावीस वर्षांची होती. "मी म्हटलं तिला, बेटा, तू फक्त टिक. आपली मशीनं रात्रंदिवस करून राहिली आहेत. औषध येईपर्यंत टिकायचं, बस."

मी फडकं उचललं आणि पुन्हा रॅकमागे गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सर ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला गेले होते. कुमुदताईंनी, म्हणजे ऋजुताच्या आईने, दार उघडलं. "या न ताई. बोलून घ्या तिच्याशी. ते आले की बोलू नाही देत, दमते म्हणतात."

पलंगासमोर एक खुर्ची होती. सरांची. तिची गादी पार दबून गेली होती. मी त्या खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला टेकले. कुमुदताईंनी मास्क काढला. बोलण्यासाठी तो काही मिनिटं काढता यायचा, मग ओठ काळसर व्हायला लागले की परत.

"धडं काय म्हणतात?" ऋजुताने विचारलं. आवाज कागदासारखा झाला होता, पण खोडी शाबूत होती.

"धडं काम करत नाहीत. तुझे बाबा त्यांना करू देत नाहीत. ती खूण..."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मला रागच आला. "एका ओळीचं काम होतं, ऋजू. तुला बदलता आलं असतं. मला सांगता आलं असतं."

ती थांबली, दोनदा श्वास ओढला. "ताई, बाबा एक तर मशीनं बघतात, नाही तर मला. मशीनं बघतात तेवढा वेळ मला बरं वाटते."

कुमुदताई खिडकीकडे वळल्या.

"आणि ते औषध?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तू पण काय ताई. ते गणित आहे. त्यातून औषध निघालं तरी आज शाळेत असलेल्या एखाद्या पोरीला मिळेल." पुन्हा श्वास. "तिच्यासाठी वाईट वाटते. तिची मशीनं अडवून ठेवली मी."

कुमुदताईंनी मास्क पुढे केला. तिने मान हलवली. अजून नको.

"नळी घातली की बोलता नाही येणार. डोळे तेवढे हलतील. आणि समोर बाबा. डोळे हलवले की विचारतील, काय पाहिजे? नाही हलवले की विचारतील, काय झालं?" तिला हसू आलं आणि त्या हसण्यानेच ती दमली. "डॉक्टरांना मी नाही म्हटलं. बाबांनी त्यांना बाहेर नेलं आणि हो म्हटलं."

"मी बोलू त्यांच्याशी?"

"बोल. पण ते नाही. मशीनचं बोल. उद्या दुपारी बोलावून घे त्यांना कॉलेजात. समोर बसवून दाखव. ती धडं तरी सुटू दे." मग जरा वेळाने, "बाबांना लवकर नको सोडू. बसव चांगलं."

"का गं?"

"आईजवळ झोपायचं आहे जरा."

मी तिच्याकडे पाहिलं, मग कुमुदताईंकडे. त्यांच्या हातात मास्क होता आणि त्या त्याचा पट्टा नुसताच सरळ करत होत्या. काय ते मला कळलं. बाहेर सरांची स्कूटर वाजली आणि कुमुदताईंनी मास्क तिच्या तोंडावर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांना फोन केला. "सर, मशीनं का अडतात ते कळलं. येऊन बघा."

ते घामाघूम होऊन आले. त्यांना खुर्चीवर बसवून मी सगळं समजावलं, जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. ती खूण दाखवली, पडद्यावरची ओळ दाखवली. त्यांनी पुढे झुकून त्या ओळीवर बोट टेकवलं.

"म्हणजे मी बघत होतो म्हणून..."

"हो सर."

"दिवाळीच्या आधीपासून मी..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पोरीला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. आधी चालू करू."

खूण काढायला मला एक मिनिटही लागलं नसतं. ती काढली की सर कितीही वेळ टाईप करत बसले असते तरी मशीनं थांबली नसती. पण मग सर तिथे बसलेही नसते. घरूनच बघितलं असतं त्यांनी. म्हणून मी ती तशीच ठेवली.

"सगळ्या खिडक्या बंद करा. फोनही बंद करा, त्यातूनही तुम्ही विचारता."

"ऋजूला काही लागलं तर?"

"माझा चालू आहे. कुमुदताईंकडे नंबर आहे."

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला, लॅपटॉप मिटला आणि हात मांडीवर ठेवले. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे दिसत होते. आम्ही थांबलो. बाहेर ऊन नुसतं जाळत होतं. मग एक नंबरचा पंखा घुरघुरला, दोनचा, तीनचा, आणि रांगच्या रांग उठली.

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "ऐकून राहिल्या न, मॅडम? सगळी लागली कामाला."

"ऐकते आहे, सर."

"आता ती नागपूरला राहील आणि इथे ही करत राहतील. वर्ष लागो, दोन लागो." जरा वेळाने ते उठायला लागले. "निघतो. तिला सांगतो."

"थांबा सर. पहिला तुकडा पुरा होऊन जाऊ द्या. तेवढं बघूनच जा."

ते बसले. मी त्यांना माठातलं पाणी दिलं, मग चहा मागवला, मग उगाचच तीन नंबरच्या पंख्याला तेल द्यायचं का म्हणून विचारलं. तेलाचा विषय निघाला की सर खुलायचे. कोणतं तेल, किती थेंब, हे सगळं त्यांनी सांगितलं. ऋजुता लहानपणी टेबलफॅनशी बोलायची आणि तिचा आवाज थरथरत बाहेर यायचा, हेही सांगितलं. मी हं हं करत होते आणि हातातला फोन घामाने ओला झाला होता. मला भीती वाटत होती की तो वाजेल, आणि तो वाजणार नाही अशीही.

तो वाजला. कुमुदताईंचा आवाज अगदी कोरडा होता. "ताई, घेऊन या त्यांना आता."

मी काही सांगायच्या आधीच सर उठले होते.

घरी ऋजुता आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होती. सपाट झोपलं की श्वास कोंडायचा, म्हणून कित्येक महिन्यांत तिला असं झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मास्क उशीजवळ पडला होता आणि त्यातून यंत्राचा वारा नुसताच सुटत होता. सरांनी तो उचलला, तिच्या तोंडावर बसवला, मागचे पट्टे आवळले आणि वाट पाहिली. पट्टे सैल करून पुन्हा आवळले. मग यंत्राच्या बटणांकडे वळले. कुमुदताईंनी त्यांचा हात धरला, तेव्हा ते थांबले.

"काही बोलली?" त्यांनी विचारलं. "काही म्हणाली का ती?"

"तुमचंच नाव होतं तोंडात," कुमुदताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

सर तिथेच जमिनीवर बसले.

शेजारची माणसं येईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभी होते. कुमुदताई पाणी घ्यायला आत आल्या. माठावरचं झाकण हातात धरून त्या म्हणाल्या, "ते फाटकाबाहेर गेले न, तसं तिनं विचारलं, गेले का बाबा? म्हटलं, गेले. मंग मास्क काढाले लावला. पाणी पाजलं. परत लावाले गेली तं हात धरला माझा. बोट उचलत नव्हतं तिचं, पण धरला. मले म्हणे, राहू दे आई." त्यांनी झाकण परत ठेवलं. पाणी घ्यायचं विसरूनच गेल्या. "नाव नाही घेतलं तिनं. कोणाचंच नाही घेतलं. हे त्याईले कधी सांगू नका, ताई."

"नाही सांगणार."

"ते जगले पाहिजेत न."

मला पश्चात्ताप नाही. तेव्हाही झाला नाही. ऋजुतासाठी जीव तुटला, पण जे केलं ते पुन्हा केलं असतं.

कॉलेज उघडल्यावर सर एकदाच त्या खोलीत आले. मी रॅकपाशी होते. मशीनं चालू होती, चांगली चालू होती. तुकड्यामागून तुकडे पुरे होऊन जात होते. ती खूण मी त्याच संध्याकाळी काढून टाकली होती. सरांनी पंख्यांकडे पाहिलं नाही. दारातच उभे राहिले. दाढी वाढली होती, शर्टाची बटणं वरखाली लावली होती.

"मॅडम, तुम्ही बोलावलं नसतं तर मी तिथे असतो."

"हो सर."

"माझं नाव घेत होती पोरगी. कुमुद सांगते न. हाका मारत होती मला. आणि मी इथे बसून तुम्हाला तेलाचं सांगत होतो." त्यांचा आवाज चढला नाही. "मी उठत होतो. तुम्ही म्हटलं, बसा."

"हो."

"मशीनंच तर होती. नागपूरहून आल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढी कशाची घाई होती तुम्हाला?"

त्यांना उत्तर हवं होतं. माझ्याकडे ते होतं, आणि ते एका वाक्यात मावणारं होतं. ते मी बोलून टाकलं असतं तर मी सुटले असते, आणि हा माणूस ज्या एका गोष्टीला धरून दारात उभा होता, ती त्याच्या हातातून गेली असती.

"चुकलं माझं, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "चुकलंच तुमचं," ते म्हणाले आणि गेले. पुढे निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.